गोचीड ताप: शेतकऱ्यांचा संशय खरा ठरवणारे थिओबाल्ड स्मिथ

फलटणमध्ये एचएफ गायी सांभाळणाऱ्या घरात गोचीड ताप म्हटलं, की पोटात गोळा येतो. गाय चारा सोडते, ताप चढतो, दूध आटतं. पण एवढीशी गोचीड गाय मारू शकते, हे सिद्ध कुणी केलं?

थिओबाल्ड स्मिथ यांनी. जन्म १८५९ चा, अमेरिकेतल्या ऑल्बनी शहरातला. आईवडील जर्मनीतून आलेले. १८८३ मध्ये ते डॉक्टर झाले, पण दवाखाना टाकण्याऐवजी पुढच्याच वर्षी सरकारच्या पशुरोग खात्यात रुजू झाले.

तेव्हा तिकडे 'टेक्सास ताप' गाजत होता. दक्षिणेकडची जनावरं धडधाकट दिसायची. पण ती जिथे चरून जायची, तिथल्या उत्तरेकडच्या गायी काही आठवड्यांनी मरायच्या. पशुपालकांचा संशय गोचिडीवर होता. तज्ज्ञ मात्र ते हसण्यावारी न्यायचे.

स्मिथ यांनी ते तपासून पाहायचं ठरवलं. १८८९ मध्ये त्यांनी सहकारी किलबोर्न यांच्यासोबत उत्तरेकडच्या गायी वेगवेगळ्या कुंपणांत ठेवल्या. एकीकडे सोबत गोचीड असलेली दक्षिणेकडची जनावरं सोडली. दुसरीकडे तशीच जनावरं, पण अंगावरच्या गोचिडी हाताने वेचून काढलेली. तिसरीकडे नुसत्या गोचिडी. पहिल्या आणि तिसऱ्या कुंपणातल्या गायी आजारी पडल्या. दुसरीकडच्या ठणठणीत राहिल्या.

तांबड्या रक्तपेशी फोडणारा परजीवीही त्यांना सापडला. तो मादी गोचिडीच्या अंड्यांतून पिल्लांत उतरतो, हेही कळलं. १८९३ मध्ये हे संशोधन छापून आलं. किडा रोग पसरवतो याचा हा सुरुवातीचा भक्कम पुरावा होता. रॉस यांनी सिकंदराबादेत मलेरियाचा डास पकडला तो त्यानंतर चार वर्षांनी. स्मिथ १९३४ मध्ये वारले.

आपल्याकडे जास्त नुकसान करणारा परजीवी वेगळा आहे, थायलेरिया. पण गणित तेच. खिल्लारसारखं देशी जनावर तो बऱ्यापैकी पचवतं आणि वरून निरोगी दिसतं. संकरित गाय आणि वासरू मात्र कोसळतं. उष्ण, दमट दिवसांत गोचीड वाढते आणि गोठ्याच्या भेगांत लपते.

म्हणून बाजारातून आणलेली गाय थेट दावणीला बांधू नका, आधी वेगळी ठेवून गोचीड तपासा. औषध गायीच्या अंगावर लावाच, पण डॉक्टरांना विचारून भिंतींच्या भेगांतही फवारा. आणि ताप, सुजलेल्या गाठी किंवा लाल लघवी दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.