गिटार न येणाऱ्या माणसाचा बास

कॉलेज फेस्टमध्ये बँड स्टेजवर आला की सगळ्यांचं लक्ष आधी गाणाऱ्याकडे जातं, मग लीड गिटारवाल्याकडे. बाजूला चार जाड तारांचं वाद्य घेऊन उभा असलेला बासवाला फोटोतही बऱ्याचदा अर्धाच येतो. पण पुढच्या वेळी त्याच्या हातातलं वाद्य नीट बघा. वर दोन शिंगं, हेडस्टॉकवर एकाच रांगेत चार खुंट्या, तारांखाली दोन तुकड्यांत बसवलेला पिकअप. ब्रँड कुठलाही असो, हा आकार बहुतेक वेळा एकाच वाद्यावरून उचललेला असतो. त्याचं नाव फेंडर प्रिसिजन बास. आणि गंमत म्हणजे हा बास ज्यानं बनवला, त्या लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. साधी ट्यूनही करता येत नव्हती!

लिओचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइम आणि फुलरटन या गावांजवळ त्याच्या आई-वडिलांची संत्र्यांची बाग होती. आठ वर्षांचा असताना गाठ झाल्यामुळे त्याचा डावा डोळा काढावा लागला, त्या जागी काचेचा डोळा बसवला गेला. लहानपणी तो पियानो आणि सॅक्सोफोन शिकला, पण खरं वेड लागलं ते रेडिओचं. त्याच्या एका नातेवाइकांचं गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान होतं. तिथे त्यांनी स्वतः बनवलेला रेडिओ वाजताना लिओनं ऐकला आणि घरी येऊन तोही रेडिओ उघडायला लागला.

कॉलेजात मात्र त्यानं घेतलं अकाउंटिंग. इलेक्ट्रॉनिक्सची कुठलीही डिग्री त्याच्याकडे नव्हती. हिशेबनीस म्हणून नोकरी लागली, पण तो जागतिक मंदीचा काळ होता. आधी सरकारी खात्यातली नोकरी गेली, मग टायर कंपनीतली. शेवटी १९३८ मध्ये त्यानं ६०० डॉलर उसने घेतले आणि फुलरटनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं.

तक्रारी ऐकणारा कान

दुकानात रेडिओबरोबर हळूहळू बँडवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरही दुरुस्तीला यायला लागले. वादक यायचे ते तक्रारी घेऊन. आवाज पुरत नाही, आवाज फाटतो, वाद्य शिट्टी मारतं. लिओला वाजवता येत नव्हतं, त्यामुळे स्वतःच्या हाताला काय आवडतं हा प्रश्नच नव्हता. वाजवणारा काय म्हणतो ते ऐकायचं, बदल करायचा आणि वाद्य पुन्हा त्याच्याच हातात द्यायचं, ही त्याची पद्धत. यातूनच त्यानं स्वतःची कंपनी काढली आणि १९५० मध्ये भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. तीच पुढे टेलिकास्टर म्हणून ओळखली गेली.

आता बासवाल्यांची तक्रार ऐका. त्या काळी बास म्हणजे डबल बास, माणसापेक्षा उंच. तो गाडीत मावायचा नाही, ड्रम आणि ट्रम्पेटपुढे ऐकूही यायचा नाही. त्यावर फ्रेट नसतात, म्हणजे बोट केसभर सरकलं की सूर गेला. लिओनं १९५१ मध्ये यावर उत्तर काढलं. चार तारा डबल बाससारख्याच लावायच्या, पण वाद्य गिटारसारखं गळ्यात अडकवायचं. तारेची कंप पावणारी लांबी ठरली ३४ इंच आणि नेकवर आले २० फ्रेट. फ्रेटमुळे सूर अचूक लागतो, म्हणून नाव पडलं प्रिसिजन. इलेक्ट्रिक बासची कल्पना पहिल्यांदा त्याचीच होती असं मात्र नाही. सिअ‍ॅटलमध्ये पॉल टुटमार्क यांनी १९३०च्या दशकातच फ्रेटवाला इलेक्ट्रिक बास बनवला होता. तो चालला नाही. लिओचा चालला, आणि इतका चालला की पुढे अनेक देशांत लोक इलेक्ट्रिक बासलाच सरळ फेंडर बास म्हणायचे.

चांगलं काय, वाईट काय?

पहिला प्रिसिजन परफेक्ट होता का? अजिबात नाही. त्याच्या कडा चौकोनी होत्या, हाताला टोचायच्या. १९५४ मध्ये त्या उतरत्या केल्या गेल्या. ब्रिजवर चार तारांना मिळून दोनच आधार होते, म्हणजे प्रत्येक तारेचा सूर वेगळा नीट करता यायचा नाही. १९५७ मध्ये तिथे चार आधार आले.

सगळ्यात मोठी कटकट होती ‘हम’ची. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. बासची तार वर थरथरली की तिच्यात विजेचा सिग्नल तयार होतो. पण हीच गुंडाळी आजूबाजूच्या विजेच्या वायरिंगचीही गुणगुण पकडते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. लिओनं १९५७ मध्ये पिकअपचे दोन तुकडे केले. दोन तारांना एक, उरलेल्या दोन तारांना दुसरा, आणि दोघांची गुंडाळी व चुंबक एकमेकांच्या उलट. त्यामुळे गुणगुण आपापसात कापली जाते आणि तारांचा आवाज शाबूत राहतो. सुरुवातीला सांगितलेला दोन तुकड्यांचा पिकअप तो हाच.

काही दोष तरीही राहिलेच. वाद्य जड, नेक जाड. हेडस्टॉक लांब असल्यामुळे हात सोडला की नेक खाली झुकू पाहते. सगळ्यात बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझतो. पिकअप एकच, त्यामुळे आवाजात फार व्हरायटी नाही.

मग लिओनं १९६० मध्ये जॅझ बास आणला. नेक खुंट्यांकडे निमुळती, पिकअप दोन, आवाज जास्त स्पष्ट. पण इथे एका पिकअपचा आवाज कमी केला की ती जुनी गुणगुण परत! एक तक्रार मिटवली की दुसरी डोकं वर काढते, हे लिओच्या आयुष्यात कायम चालू राहिलं.

कंपनी गेली, काम सुरूच

साठच्या दशकाच्या मध्यात सायनसच्या जुनाट इन्फेक्शननं लिओ बेजार झाला. आपण आता फार जगणार नाही असं त्याला वाटलं आणि जानेवारी १९६५ मध्ये त्यानं कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला सीबीएसला विकली. नंतर डॉक्टर बदलला आणि तो बराही झाला! पण तोवर स्वतःचं नाव दुसऱ्याच्या मालकीचं झालं होतं आणि करारामुळे काही वर्षं स्पर्धेत उतरायलाही बंदी होती.

पैसा होता, घरी बसता आलं असतं. पण बंदी संपल्यावर तो पुन्हा जुन्या तक्रारींकडे वळला. म्युझिक मॅन या कंपनीतून १९७६ मध्ये स्टिंगरे बास आला. त्यात बॅटरीवर चालणारं सर्किट होतं आणि खुंट्या तीन एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, त्यामुळे हेडस्टॉक आखूड झाला. आवाज दमदार, पण बॅटरी संपली की वाद्य मुकं. त्यानंतर आली जी अँड एल ही कंपनी. तिथली वाद्यं आपल्या आयुष्यातली सर्वोत्तम आहेत, असं लिओ मानायचा. पार्किन्सन्स झाला तरी तो वर्कशॉपमध्ये जात राहिला. २१ मार्च १९९१ ला तो गेला. त्याच्या आदल्या दिवशीही तो कामावर होता.

जगानं मात्र त्याचं सगळं म्हणणं ऐकलं नाही. लिओला स्वतःची शेवटची वाद्यं भारी वाटत होती, लोक मात्र १९५७ च्या डिझाइनवर अडून राहिले. मोटाउनच्या गाण्यांत बास वाजवणारे जेम्स जेमरसन १९६२ चा प्रिसिजन एकाच बोटानं वाजवायचे आणि तुटल्याशिवाय तारा बदलायचे नाहीत. त्यांना व्हरायटी नकोच होती, तोच एक जाडसर, गोल आवाज हवा होता. ड्रम आणि गिटारच्या गोंगाटात हा आवाज आपली जागा धरून ठेवतो, म्हणून रेकॉर्डिंगवालेही त्यावर खूश. जॅको पास्टोरियसनं तर जॅझ बासवरचे फ्रेटच नाहीसे केले. ज्या फ्रेटसाठी लिओनं इलेक्ट्रिक बास बनवायला घेतला, तेच काढून टाकून हा माणूस महान बासवादक ठरला.

तेव्हा सेकंडहँड प्रिसिजन किंवा त्याची स्वस्त कॉपी घ्यायला जाणार असाल, तर दुकानात आधी गळ्यात अडकवून डावा हात सोडा, नेक किती झुकते ते बघा. अर्धा तास उभं राहून वाजवा, खांदा काय म्हणतो ते कळेल. बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटपर्यंतचे सूर लांबवून ऐका. स्लॅप, सोलो, सतत बदलणारे आवाज हवे असतील तर जॅझ किंवा स्टिंगरे बघा. बँडला खालून घट्ट धरून ठेवणारा एकच खणखणीत आवाज हवा असेल, तर एक व्हॉल्यूम आणि एक टोन एवढ्या दोन बटणांचा प्रिसिजन अजूनही पुरतो. आणि काही खटकलंच, तर दुकानदाराला खुशाल तक्रार सांगा. लिओनं ती नक्की ऐकून घेतली असती.