मुनशी प्रेमचंद व त्यांचे बुद्धिबळाचे खेळाडू

बुद्धिबळाच्या खेळानें बुद्धीला धार येते, यांत संशय नाहीं. परंतु धार आलेलें शस्त्र कोणत्या कामीं लावावयाचें, हें खेळणारानेंच ठरवावें लागतें. या प्रश्नावर एक अविस्मरणीय कथा लिहिणाऱ्या मुनशी प्रेमचंदांचें अल्पचरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

काशीजवळील लमही या खेड्यांत ता. ३१ जुलै १८८० रोजीं त्यांचा जन्म झाला. मूळ नांव धनपतराय. वडील टपालखात्यांत कारकून होते. आई बाळपणींच निवर्तली. १८९७ सालीं वडिलांचेंही छत्र गेलें. शिकवण्या करून शिकत असतां एकदां इतकी ओढ लागली कीं, गणिताचें एक पुस्तक विकण्यासाठीं त्यांना दुकानाची पायरी चढावी लागली. रुपया एकच आला. पण तेथेंच चुनार येथील मिशन शाळेच्या मुख्याध्यापकांची गांठ पडली व दरमहा १८ रुपयांची शिक्षकाची जागा मिळाली. आम्हां मिशनच्या शिक्षकांना याचा अभिमान वाटल्यास वाचकांनीं तो क्षम्य मानावा.

पुढें ते सरकारी शिक्षणखात्यांत शिरले. १९०८ सालीं निघालेला त्यांचा ‘सोजे वतन’ हा उर्दू कथासंग्रह राजद्रोही ठरून त्याच्या प्रती जाळण्यांत आल्या. तेव्हां लेखणी थांबूं नये म्हणून ‘नवाबराय’ हें टोपणनांव टाकून त्यांनीं ‘प्रेमचंद’ हें नांव घेतलें. १९२१ सालीं महात्माजींची असहकारितेची हांक ऐकून, पदरीं संसार व प्रकृति नाजूक असतांही, त्यांनीं वीस वर्षांची नोकरी सोडली.

अशा माणसानें १९२४ सालीं ‘शतरंज के खिलाडी’ ही कथा लिहिली. काळ वाजिदअली शहाचा, स्थळ लखनौ. मिर्झा व मीर हे दोन जहागीरदार अहोरात्र पटावर वांकलेले. पत्नी आजारी असली तरी डाव मोडावयाचा नाहीं! दरबाराचा स्वार बोलावूं आला, तेव्हां लढाईवर जावें लागेल या भयानें ते गोमतीपलीकडील एका ओसाड मशिदींत जाऊन खेळूं लागले. १८५६ सालीं कंपनीनें अयोध्येचें राज्य घेतलें. त्यांचा खरा राजा कैद होऊन गेला, तरी यांचे डोळे लांकडी राजावरून हालले नाहींत. शेवटीं एका चालीवरून तंटा झाला, कुळाचा उद्धार झाला, तरवारी निघाल्या व दोघेही तेथेंच मरून पडले. ते भेकड नव्हते. शौर्य होतें, पण तें भलत्याच ठिकाणीं खर्ची पडलें, हेंच या कथेचें मर्म होय.

प्रेमचंद ता. ८ ऑक्टोबर १९३६ रोजीं काशी येथें दिवंगत झाले. १९७७ सालीं सत्यजित राय यांनीं या कथेवर चित्रपट काढला. त्यांत दोघेही वांचतात व राज्य गेल्यावर पुन्हां पटाशीं बसतात. कोणता शेवट अधिक कठोर, याचा विचार वाचकांनींच करावा.

मधल्या सुटींत झाडाखालीं पट मांडणाऱ्या विद्यार्थ्यांवर आमचा राग नाहीं. त्यांच्या मागें उभें राहून आम्हींही एखादी चाल सुचविली आहे. आमचें मागणें एवढेंच कीं, घंटा झाली म्हणजे उठावें.