विनोबांची आई

कोकणात, पेण तालुक्यात, गागोदे नावाचे एक लहानसे खेडे आहे. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेथे झाला. त्यांचे पाळण्यातले नाव विनायक. पण आई त्यांना विन्या म्हणत असे. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास असत. त्यामुळे विन्याचे लहानपण आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्या सहवासात गेले.

शंभुरावांची पूजा बराच वेळ चाले. एकदा पूजा चालली असता मूर्तीवर एक विंचू चढला. भोवतालची मंडळी त्याला मारावयास धावली. परंतु देवाच्या आश्रयास आलेल्या जिवाला कोणी हात लावू नये, असे आजोबांनी बजावले. त्यांनी शांतपणे पूजा पुरी केली, आणि विंचूही आपल्या वाटेने निघून गेला. आजोबा चांद्रायण व्रत करीत. चंद्र उगवल्यावर पूजा होई, मग गाढ झोपलेल्या विन्याला उठवून त्याच्या हातावर प्रसाद ठेवीत. डोळे चोळीत घेतलेला तो प्रसाद विनोबा म्हातारपणीही विसरले नाहीत.

आईचे शिक्षण बेताचेच होते. तुळशीला पाणी घातले की नाही, हे विचारल्यावाचून ती विन्याला जेवू घालीत नसे. फणस पिकला की आधी शेजाऱ्यांच्या घरी गरे पोचवावयाचे, मग आपण खावयाचे, असा तिचा दंडक होता. आणि घरोघर गरे नेण्याचे काम मुलांचेच असे. दुपारी सर्वांची जेवणे आटोपली की ती देवापुढे बसे, दोन्ही कान धरून आपल्या अपराधांची क्षमा मागे, आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागत. ती मुलांना देवाविषयी फारसे समजावून सांगत नसे. पण ते अश्रू मुले रोज पाहत होती.

एकदा तिने देवाला लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला आणि रोज एकेक दाणा मोजू लागली. नरहरपंत शास्त्राचे अभ्यासक. थोडे तांदूळ मोजून त्यांचे वजन करावे आणि त्या मानाने लाखाचा हिशेब बांधावा, अशी सोपी युक्ती त्यांनी सुचविली. आईला उत्तर सुचेना. तिने विन्याला विचारले. प्रत्येक दाण्याबरोबर मनात देवाचे स्मरण होते, म्हणून हे गणित नव्हे, भक्ती आहे, असे मुलाने सांगितले. आईचे समाधान झाले.

पुढे बडोद्यास गीतेवर प्रवचने चालली होती. संस्कृत गीता आपल्याला कळत नाही, अशी खंत आईने बोलून दाखविली. विन्याने वामन पंडितांचे मराठी भाषांतर आणून दिले. तेही तिला जड गेले. तेव्हा सोपी गीता तूच का लिहीत नाहीस, असे तिने विचारले. आपला मुलगा ते करील, याविषयी तिच्या मनात शंका नव्हती.

१९१६ साली विनोबांनी ब्रह्मजिज्ञासेने घर सोडले. परीक्षेसाठी मुंबईस निघालेला मुलगा सुरतेस उतरून काशीला गेला. पुढे ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. १९१८ साली देशभर इन्फ्लुएंझाची साथ पसरली. आई अत्यवस्थ असल्याचे कळताच ते बडोद्यास आले. २४ ऑक्टोबर रोजी आईने देह ठेवला. अंत्यविधी भटजींकडून करविणे विनोबांना मान्य नव्हते. घरच्यांना ते पटेना. तेव्हा ते स्मशानात गेले नाहीत. घरीच बसून राहिले आणि त्याच दिवसापासून त्यांनी वेदांचे अध्ययन सुरू केले. ज्या आईने नित्य देवपूजा केली, तिच्या मुलाने अखेरच्या विधीला असा नकार द्यावा, हे अनेकांना खटकले असेल. पण विधीपेक्षा भाव मोठा, हे त्याने तांदळाचे दाणे मोजणाऱ्या त्याच आईपाशी पाहिले होते.

आईची इच्छा मात्र राहून गेली होती. ७ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांनी वर्ध्यास गीतेचे मराठी रूपांतर लिहावयास घेतले. एकेक शब्द पारखून घेत, पुन्हा पुन्हा बदलीत, ते ६ फेब्रुवारी १९३१ रोजी पुरे झाले. ऐकावयास आई नव्हती. विनोबांनी त्या ग्रंथाला नाव दिले ‘गीताई’.