मार्गारेट मोर्स नाइस

मार्गारेट मोर्स नाइस (६ डिसेंबर १८८३ – २६ जून १९७४) या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ होत्या. घराच्या आवारात सहज आढळणाऱ्या साँग स्पॅरो या पक्ष्याच्या सविस्तर अभ्यासासाठी त्या ओळखल्या जातात. नावात चिमणी असली तरी हा पक्षी घरचिमणीच्या कुळातील नाही.

प्रारंभिक जीवन

त्यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील ॲम्हर्स्ट येथे झाला. माउंट होल्योक महाविद्यालयातून १९०६ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी क्लार्क विद्यापीठात बॉबव्हाइट पक्ष्याच्या आहारावर संशोधन केले. १९०९ मध्ये लेनर्ड ब्लेन नाइस यांच्याशी विवाह झाल्यानंतर डॉक्टरेट राहून गेली. पुढे ओक्लाहोमा राज्यात होल्यांची शिकार ऑगस्टपासून खुली करण्याची सूचना आली, तेव्हा होल्यांची वीण त्यानंतरही चालू असते, हे त्यांनी निरीक्षणांनी सिद्ध केले.

साँग स्पॅरोचा अभ्यास

१९२७ मध्ये नाइस कुटुंब ओहायो राज्यातील कोलंबस येथे आले. ओलेंटंजी नदीकाठच्या घराजवळील झुडपाळ जमिनीला मार्गारेट यांनी इंटरपाँट हे नाव दिले. तेथे १९२८ पासून त्यांनी पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घालण्यास आरंभ केला. त्यामुळे प्रत्येक पक्षी स्वतंत्रपणे ओळखता येऊ लागला. त्याची हद्द, जोडीदार, घरटे, पिल्ले आणि पुढील वर्षीचे पुनरागमन यांची नोंद त्यांनी १९३६ पर्यंत ठेवली. काउबर्ड पक्षी या घरट्यांत अंडी घालतो, त्याचे परिणामही त्यांनी तपासले. ‘४एम’ या नराने एका दिवसात २,३०५ वेळा गायन केल्याची त्यांची नोंद प्रसिद्ध आहे. विद्यापीठातील पद अथवा वेतन नसताना, मुलींचे संगोपन व घरकाम सांभाळून त्यांनी हे कार्य केले.

लेखन

एका सामान्य पक्ष्यावरील इतके दीर्घ लेखन छापण्यास अमेरिकन नियतकालिके उत्सुक नव्हती. एर्विन श्ट्रेझेमान यांनी ते १९३३–३४ मध्ये आपल्या जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यानंतर न्यू यॉर्कच्या लिनियन सोसायटीने त्यांच्या अभ्यासाचे दोन खंड १९३७ व १९४३ मध्ये काढले. पहिल्या खंडात पक्ष्यांच्या संख्येचा, तर दुसऱ्यात वर्तनाचा विचार आहे. सर्वसामान्य वाचकांसाठी त्यांनी ‘द वॉचर ॲट द नेस्ट’ (१९३९) हे पुस्तक लिहिले.

सन्मान

१९३८ मध्ये त्या विल्सन ऑर्निथॉलॉजिकल क्लबच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. १९४२ मध्ये त्यांना ब्रूस्टर पदक मिळाले. शिकागो येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र १९७९ मध्ये मरणोत्तर प्रकाशित झाले.