रॉबिन्सन क्रूसोचा कर्ता डॅनिअल डीफो

रॉबिन्सन क्रूसो हें नांव ऐकलें नाहीं असा विद्यार्थी आमच्या हायस्कुलांत क्वचितच सांपडेल. निर्जन बेटावर एकटा पडलेला मनुष्य, त्याची बकऱ्याच्या कातड्याची टोपी, त्याचा पोपट आणि वाळूंत उमटलेलें तें एकच पाऊल, हीं चित्रें ज्यांनीं पुस्तक उघडलेंहि नाहीं त्यांच्याहि डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु हें पुस्तक कोणीं लिहिलें असें विचारिलें म्हणजे वर्गांत बहुधा शांतता पसरते. आणि कोणी धीट विद्यार्थी क्रूसोनेंच लिहिलें असें उत्तर देतो, तेव्हां बाकीचे हंसतात. वस्तुतः हंसण्याचें कांहीं कारण नाहीं. इ. स. १७१९ च्या एप्रिल महिन्यांत तें पुस्तक लंडनमध्यें प्रथम विक्रीस आलें, तेव्हां त्याच्या मुखपृष्ठावर हेंच छापिलें होतें, आणि खऱ्या कर्त्याचें नांव त्यावर कोठेंहि नव्हतें. हा घोटाळा जाणूनबुजून करणारा मनुष्य कोण होता, आणि सोळासतरा वर्षांपूर्वीं अशाच एका घोटाळ्यापायीं त्यास काय भोगावें लागलें होतें, हें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

डॅनिअल डीफो याचा जन्म लंडन शहरीं १६६० च्या सुमारास झाला. आमच्याकडील काळाशीं मेळ घालावयाचा तर प्रतापगडच्या पायथ्याशीं शिवाजीमहाराज व अफजलखान यांची भेट १६५९ च्या नोव्हेंबरांत झाली. त्याच्या आगेमागें हा मुलगा जन्मला. बाप जेम्स फो हा चरबीच्या मेणबत्त्यांचा व्यापारी असून खाऊनपिऊन सुखी होता. मूळ आडनांव फो एवढेंच. त्यामागें डी हें अक्षर डॅनिअलनें पुढें मोठेपणीं जोडिलें. तो पांचसहा वर्षांचा असतांना लंडनांत प्रथम प्लेगनें व लागोपाठ १६६६ सालीं मोठ्या आगीनें कहर केला, आणि दहाएक वर्षांचा असतांना त्याची आई वारली. घराणें राजमान्य चर्चच्या बाहेरील प्रॉटेस्टंट मताचें होतें, आणि अशा घरच्या मुलांस ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विद्यापीठांचीं दारें बंद असत. म्हणून बापानें त्यास न्यूइंग्टन ग्रीन येथें चार्ल्स मॉर्टन यांच्या पाठशाळेंत घातलें. बंद दाराचा त्यास एक फायदाच झाला असें आम्हांस वाटतें. विद्यापीठांतून सर्व शिक्षण लॅटिन भाषेंत चाले. मॉर्टन मुलांस इंग्रजींतून शिकवीत. बाजारांतील माणसास समजेल अशी साधी, ठसठशीत भाषा डीफोच्या लेखणीस चढली, तिचें मूळ या मातृभाषेच्या शिक्षणांत आहे.

धर्मोपदेशक व्हावें म्हणून शिकविलेला हा मुलगा व्यापारांत पडला. पायमोजे, दारू, तंबाखू, जें जें विकतां येईल तें तें त्यानें विकून पाहिलें. १६८४ सालीं मेरी टफ्ली हिच्याशीं त्याचा विवाह झाला व तिच्याबरोबर ३७०० पौंडांचा हुंडा आला. पण हांव मोठी आणि धीर उतावळा, यामुळें १६९२ सालीं त्याचें दिवाळें वाजलें. कर्ज होतें १७००० पौंड. कर्जदारास तुरुंगांत टाकण्याची त्या काळीं इंग्लंडांत चाल होती. डीफोसहि ती चुकली नाहीं. पुढें टिलबरी येथें त्यानें विटा व कौलें यांचा कारखाना काढिला, आणि दहाबारा वर्षांत त्या कर्जाचा मोठा भाग फेडून टाकिला. सावकाराच्या वहींत ज्या घरचें नांव चढलें आहे, त्या घरच्या माणसांस या ओळीचा अर्थ आम्ही सांगावयास नको.

आतां तो पहिला घोटाळा. १७०२ सालीं अॅन राणी गादीवर आली आणि राजमान्य चर्चमधील कडव्या मंडळींनीं डीफोच्या पंथाविरुद्ध आरडाओरड सुरू केली. डीफोनें एक लहानसें पुस्तक निनांवी छापिलें. त्यांत एक कडवा चर्चवाला बोलत आहे, आणि या पाखंड्यांच्या उपदेशकांस फांशीं द्यावें, बाकीच्यांस हद्दपार करावें, म्हणजे कटकट मिटेल, असें तो शांतपणें सुचवीत आहे. मनांत एक धरून मुखानें त्याच्या उलट बोलणें, आणि त्या उलट बोलण्यानेंच समोरच्याचें वेडेपण उघडें पाडणें, यास साहित्यांत उपरोध म्हणतात. परंतु उपरोध हा समजणाऱ्यावाचून फुकट जातो. कांहीं कडव्या मंडळींनीं पुस्तक खरें मानून त्याची वाहवा केली. डीफोच्या पंथाचे लोक भयानें गांगरले. आणि कर्ता कोण हें उघडकीस येतांच दोन्ही पक्ष त्याच्यावर उलटले. गोष्ट सांगणारा तो निवेदक आणि लिहिणारा तो लेखक, हे दोघे निराळे असूं शकतात, हा भेद आम्ही वर्गांत फळ्यावर खडूनें लिहितों व मुलें तो वहींत उतरून घेतात. डीफोला तो न्यायासनासमोर पटवितां आला नाहीं.

त्यास दंड झाला, तुरुंग झाला, आणि १७०३ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस तीन दिवस, लंडनच्या तीन निरनिराळ्या गजबजलेल्या ठिकाणीं, मान व हात लांकडी फळीच्या भोंकांत अडकवून त्यास उभें करण्यांत आलें. या शिक्षेंत जमावानें गुन्हेगारावर दगड, कुजकीं अंडीं व चिखल फेंकावा, आणि त्यांत कोणी मेलाच तर मरावा, अशी रीत होती. डीफोवर लोकांनीं फुलें उधळलीं असें सांगतात. तेवढ्यावरून शिक्षा सौम्य झाली असें मात्र समजूं नये. कारण तो तुरुंगांत असतांना टिलबरीचा कारखाना बुडाला. आणि दैवाची चेष्टा अशी कीं, त्याची सुटका झाली त्याच नोव्हेंबरांत इंग्लंडवर प्रचंड वादळ आलें, हजारों घरांचीं छपरें उडालीं, आणि एक हजार कौलांचा भाव २१ शिलिंगांवरून ६ पौंडांपर्यंत गेला. कौलें विकणारा डीफो त्या दिवशीं रिकाम्या हातांनीं उभा होता. मग त्यानें काय केलें? ज्यांनीं वादळ प्रत्यक्ष पाहिलें त्यांनीं हकीकती पाठवाव्या अशी वर्तमानपत्रांतून जाहिरात दिली, त्या जमविल्या, निवडल्या, आणि १७०४ सालीं त्यांचें पुस्तक केलें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाच्या ज्या हकीकती लोहारा व उमरगा या तालुक्यांतील वडील माणसांच्या तोंडून आजहि ऐकावयास मिळतात, त्या अशा कोणी बसून उतरून घेतल्या पाहिजेत, असें हें पुस्तक चाळतांना आमच्या मनांत येतें.

त्याच्या पुढील पंधरा वर्षांचा वृत्तांत आम्ही थोडक्यांत आटोपतों, कारण तो सर्वस्वीं भूषणावह नाहीं. रॉबर्ट हार्ली या मंत्र्यानें त्यास तुरुंगांतून सोडविलें व आपल्या कामास लाविलें. रिव्ह्यू नांवाचें पत्र त्यानें १७०४ पासून १७१३ पर्यंत बहुतेक एकट्यानें चालविलें, हें खरोखर मोठें काम. पण सरकारचा गुप्त हेर म्हणूनहि तो वावरला, आणि एकमेकांचे वैरी असे जे दोन राजकीय पक्ष, त्या दोहोंसाठीं त्यानें लिहिलें. पोटासाठीं केलें असें कोणी म्हणेल. आम्ही त्याचें समर्थन करीत नाहीं. मात्र निरनिराळ्या माणसांचे मुखवटे चढवून त्यांच्या आवाजांत लिहिण्याची जी सवय त्यास जडली, तीच पुढें उपयोगी पडली.

डीफो साठीच्या घरांत आला असतां त्यानें क्रूसो लिहिला. आमच्याकडे त्याच १७१९ सालीं बाळाजी विश्वनाथ पेशवे दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले. अलेक्झांडर सेल्कर्क नांवाचा एक स्कॉच खलाशी, जहाज धड नाहीं म्हणून कप्तानाशीं भांडून १७०४ सालीं पॅसिफिक महासागरांतील एका ओसाड बेटावर उतरला होता, व चार वर्षें चार महिने तेथें एकटा राहून १७०९ सालीं तेथून सुटला होता. त्याची हकीकत इंग्लंडांत छापून प्रसिद्ध झालेली होती. तिच्यावरून डीफोस कल्पना सुचली असावी असें सामान्यतः मानितात. परंतु बेट त्यानें उचलून अटलांटिकच्या बाजूस, ओरिनोको नदीच्या मुखाजवळ ठेविलें, चारांचीं अठ्ठावीस वर्षें केलीं, आणि सर्व कथा क्रूसोच्या मुखानें सांगितली. पूर्वीं ज्या मुखवट्यानें त्याची मान फळींत अडकली, त्याच मुखवट्यानें आतां त्यास वाचक मिळाले. त्या एका वर्षांतच पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या व ऑगस्टमध्यें दुसरा भागहि आला.

कादंबरी हा शब्द आपण बाणभट्टाच्या संस्कृत कथेवरून घेतला. मूळ तें नायिकेचें नांव. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजी यांच्या यमुनापर्यटनाचा मान आहे, आणि तें १८५७ सालचें, म्हणजे क्रूसोनंतर १३८ वर्षांचें. डीफोच्या काळीं इंग्रजींतहि हा वाङ्मयप्रकार नुकता कोठें आकार घेत होता. म्हणून लोकांस खरें वाटावें यासाठीं तो प्रत्येक वस्तु मोजून मापून सांगतो: जहाजावरून किती बंदुका आणल्या, किती कुऱ्हाडी, कुंपणाच्या मेखा किती उंच. क्रूसो आपल्या स्थितीचा हिशेबहि व्यापाऱ्याच्या वहीप्रमाणें मांडितो, एका बाजूस वाईट, दुसऱ्या बाजूस चांगलें, जशीं आपल्याकडे जमा व नांवें. मोडक्या जहाजांत त्यास ३६ पौंडांचें नाणें सांपडतें. या बेटावर तुझा काय उपयोग, म्हणून तो त्या पैशाची निर्भर्त्सना करितो, आणि क्षणभर थांबून तें गाठोड्यांत बांधून घेतो. दिवाळें काढलेल्या माणसावांचून हा विनोद दुसऱ्या कोणास साधला नसता. एवढा हिशेबी लेखक एका ठिकाणीं मात्र चुकला आहे. क्रूसो बेटावर आला ३० सप्टेंबर १६५९ रोजीं आणि निघाला १९ डिसेंबर १६८६ रोजीं. पुस्तकांत मुक्काम २८ वर्षें २ महिने १९ दिवस दिला आहे. गणिताच्या विद्यार्थ्यांनीं वजाबाकी करून पाहावी.

आमच्या जिल्ह्यास समुद्र नाहीं. तेरणेकांठचें तेर गांव प्राचीन काळीं तगर या नांवानें प्रसिद्ध होतें आणि तेथील कापड गाड्यांनीं भडोच बंदरास जाई, हें पहिल्या शतकांतील एका ग्रीक पुस्तकांत नमूद आहे; तरी धाराशिवच्या बहुतेक मुलांस लाट म्हणजे काय हें चित्रावरूनच ठाऊक. पण क्रूसोच्या कथेंतील एक भाग समजण्यास आमच्या मुलांस टीपेची गरज पडत नाहीं. पावसाळ्याच्या तोंडावर क्रूसो एक पिशवी रिकामी करण्यासाठीं तिच्यांतील कोंडा खडकाच्या आडोशास झटकितो. महिनाभरानें तेथें हिरवे कोंब दिसतात. तें जंव असतें, शेजारीं थोडें भातहि. ईश्वरानें चमत्कार केला असें त्यास प्रथम वाटतें. मागाहून पिशवीची आठवण होते. तो एकूणएक कणीस जपून ठेवितो. पुढें पेरणी करितो, ती बेटावरील ऋतु न कळल्यामुळें कोरड्या महिन्यांच्या आधीं. सारें बीं वाळून जातें. परंतु पेरतांना त्यानें तिसरा हिस्सा राखून ठेविलेला असतो. पावसाचा अंदाज आल्यावर त्या मूठभर बियाण्याची दुसरी पेरणी साधते, आणि चौथ्या वर्षीं तो पहिला दाणा तोंडांत घालितो. दुबार पेरणी आणि उपाशी राहूनहि न मोडलेलें बियाणें, या गोष्टी येथील शेतकऱ्याच्या घरीं आजोबांपासून चालत आल्या आहेत.

या उताऱ्यावरून आम्ही संघर्ष ही संज्ञा शिकवितों. कथेंत संघर्ष म्हणजे मारामारी असें मुलें समजतात. येथें शत्रु कोणी नाहीं. मनुष्य एकीकडे व ऋतु दुसरीकडे. आणि एकामागून एक घडलें एवढ्यानें कथानक होत नाहीं. कोंडा झटकला म्हणून कोंब आला, हिस्सा राखला म्हणून मनुष्य वांचला, असा कार्यकारणाचा धागा लागतो. स्थळकाळ म्हणजे केवळ वर्णन नव्हे हेंहि येथेंच दिसतें: पाऊस केव्हां पडतो यावर नायकाचा जीव अवलंबून आहे.

क्रूसो सर्वस्वीं चांगला मनुष्य आहे असें मात्र मुलांनीं समजूं नये, व आम्हींहि तसें शिकवूं नये. तो स्वतः मूर लोकांचा गुलाम होता. झुरी नांवाच्या मुलाच्या मदतीनें तो सुटला. आणि त्याच झुरीस त्यानें साठ नाण्यांस एका कप्तानास देऊन टाकिलें. त्याचें जहाज फुटलें तें आफ्रिकेंतून गुलाम आणावयास निघालेलें होतें. फ्रायडेला तो वांचवितो, पण त्याचें स्वतःचें नांव काय हें एकदांहि विचारीत नाहीं, आणि त्यास प्रथम जे शब्द शिकवितो त्यांत धनी हा एक असतो. संक्षिप्त आवृत्त्यांतून हा भाग बहुधा गाळितात. आमच्या मतें तो ठेवावा, आणि झुरीनें ही गोष्ट कशी सांगितली असती हा प्रश्न वर्गांत विचारावा. निवेदक बदलला कीं कथा कशी बदलते, हें त्याहून चांगलें कशानेंहि कळणार नाहीं.

क्रूसोनंतर डीफोनें थोड्या वर्षांत आणखी कांहीं कादंबऱ्या लिहिल्या. १७२२ सालीं लिहिलेल्या लंडनच्या प्लेगच्या वृत्तांतांतहि निवेदक दुसराच, शहरांत मागें राहिलेला एक खोगीर विकणारा. आणि तोहि पुष्कळांस खरा वाटला. पैसा आला तसा गेला. अखेरीस एका जुन्या कर्जाचा तगादा पुन्हां उभा राहिला, आणि सत्तरी उलटलेला डीफो घर व मुलेंबाळें सोडून लंडनांतील एका गल्लींत भाड्याच्या खोलींत लपून राहिला. तेथेंच २४ एप्रिल १७३१ रोजीं त्यास मृत्यु आला. बनहिल फील्ड्स येथील स्मशानभूमींत त्यास पुरलें. त्याच्या थडग्यावर आज जो उंच दगडी स्तंभ आहे तो १८७० सालचा. एका वर्तमानपत्रानें इंग्लंडच्या मुलामुलींस विनंति केली, सुमारें १७०० जणांनीं वर्गणी पाठविली, आणि त्या पैशांतून तो उभारिला गेला. त्याच्यावर मात्र क्रूसोचें नव्हे, डीफोचें नांव ठळक कोरलें आहे.