पहिले प्रदर्शन, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी

गेल्या महिन्यात रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ मुलाची चित्रवही घेऊन कार्यालयात आले. बारावीनंतर मुलाला चित्रकलेकडे जायचे आहे आणि त्यावरून घरात अबोला चालू आहे. यातून त्याचे पोट कसे भरणार, एवढाच त्यांचा साधा प्रश्न होता. आम्हाला पटकन उत्तर सुचले नाही. चहा मागवला आणि पॉल सेझान या फ्रेंच चित्रकाराची गोष्ट सांगायला घेतली. पण बाप्तिस्म्याची मंडळी दारात येऊन उभी राहिली आणि गोष्ट अर्धीच राहिली. ती आज येथे पूर्ण करीत आहोत.

सेझान आम्हाला भेटला तो सेमिनरीत, तत्त्वज्ञानाच्या वर्गात. मेर्लो-पाँती या तत्त्वज्ञाने १९४५ साली त्याच्यावर लिहिलेला निबंध आम्हाला अभ्यासाला होता. त्यातले निम्मे तेव्हा डोक्यावरून गेले, हे कबूल केले पाहिजे. पण एका माणसाने टेबलावरची सफरचंदे नीट पाहण्यात हयात घालवावी आणि पाहणे म्हणजे काय हे तत्त्वज्ञांनी त्याच्याकडून शिकावे, ही गोष्ट मनात घर करून राहिली.

सेझानचा जन्म १९ जानेवारी १८३९ रोजी दक्षिण फ्रान्समधील एक्स या गावी झाला. वडील लुई-ओग्युस्त हे टोप्यांचे व्यापारी. पुढे त्यांनी गावात बँक काढली व चांगला पैसा मिळवला. शाळेत एमिल झोला नावाचा एक गरीब, बिनबापाचा मुलगा होता. इतर मुले त्याला छळत. सेझानने त्याची बाजू घेतली, त्याबद्दल मार खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी झोलाने त्याला सफरचंदांची टोपली आणून दिली, असे सांगतात. हाच झोला पुढे मोठा कादंबरीकार झाला.

मुलाने वकील व्हावे असे वडिलांना वाटे. सेझानने कायद्याचा अभ्यास सुरू केला, पण मन रमेना. आईचा आणि बहीण मारीचा त्याला पाठिंबा होता. शेवटी १८६१ मध्ये वडिलांनी त्याला पॅरिसला जाऊ दिले. काही महिन्यांत तो हिरमुसून परत आला आणि वडिलांच्या बँकेत बसला. तेथेही जमले नाही. १८६२ च्या अखेरीस तो पुन्हा पॅरिसला गेला. सरकारी कलाशाळेने त्याला प्रवेश नाकारला. त्या काळी फ्रान्समध्ये दरवर्षी भरणाऱ्या सरकारी प्रदर्शनात ज्याचे चित्र लागे तोच चित्रकार समजला जाई. सेझान आपली चित्रे तेथे पाठवीत राहिला आणि परीक्षक ती परत पाठवीत राहिले.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. खरे सांगायचे तर सेझानचे पोट चित्रांवर भरलेच नाही. ते वडिलांच्या पैशांवर भरले. वडील कुरकुरत, हिशेब मागत, पण पैसे पाठवीत. १८६६ साली सेझानने वडिलांचे एक मोठे चित्र काढले. म्हातारा उंच पाठीच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचतो आहे. ते वर्तमानपत्र वडिलांच्या नेहमीच्या वाचनातले नव्हे; ज्यात झोलाने नव्या चित्रकारांची बाजू मांडली होती ते आहे. मागच्या भिंतीवर सेझानने आपलेच एक छोटे चित्र टांगलेले दाखवले आहे. प्रत्यक्षात जे वडिलांना पटले नव्हते ते मुलाने रंगांत त्यांच्या हाती दिले आणि त्यांच्या पाठीशी टांगले. हे चित्र सध्या वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. आम्ही ते केवळ पुस्तकात पाहिले आहे, तरी त्यापुढे बराच वेळ थांबलो.

त्याची सुरुवातीची चित्रे काळपट, जाड रंगांनी थापलेली होती. त्याला बदलले ते कामिय पिसारो या चित्रकाराने. हा ज्यू घराण्यातला, सेझानपेक्षा नऊ वर्षांनी मोठा, पदरी मुले आणि खिशात पैसा नाही असा माणूस. १८७२ पासून पाँत्वाज गावाच्या परिसरात दोघे उघड्यावर शेजारी शेजारी बसून चित्रे काढू लागले. तेहेतीस वर्षांच्या सेझानने पिसारोचे एक निसर्गचित्र मागून घेतले आणि शाळकरी मुलासारखी त्याची नक्कल केली. काळा रंग मागे पडला. ब्रशचे फटकारे लहान आणि शांत झाले. १८७४ मध्ये पिसारो, मोने, रन्वार, देगा आदींनी सरकारी प्रदर्शनाला बाजूला ठेवून पॅरिसमध्ये स्वतःचे प्रदर्शन भरवले, तेव्हा सेझानला घेऊ नये असे काहींचे मत होते. पिसारोने आग्रह धरला आणि सेझानची तीन चित्रे तेथे लागली. लोक हसले. १८७७ च्या प्रदर्शनात त्याहून अधिक टवाळी झाली. त्यानंतर सेझानने त्यांच्याबरोबर चित्रे मांडली नाहीत.

त्याच्या घरची गोष्ट झाकून ठेवणे बरोबर नाही. १८६९ च्या सुमारास त्याची ओर्तांस फिके या तरुणीशी ओळख झाली. लग्न न करता दोघे एकत्र राहू लागले आणि १८७२ मध्ये त्यांना मुलगा झाला. वडील पैसे बंद करतील या भीतीने सेझानने बायको आणि मूल दोन्ही लपवले. १८७८ साली वडिलांनी मुलाच्या नावे आलेले पत्र फोडले आणि सारे बाहेर आले. त्यांनी पैसे निम्मे केले. तेव्हा ओर्तांसच्या घराला दरमहा पैसे पाठवले ते झोलाने. चाळिशीला आलेला माणूस बापाला इतका भ्यावा आणि त्याचा भार एका बाईने व लेकराने सोसावा, हे आम्हाला पटत नाही. कलेचे नाव घेऊन ते झाकताही येत नाही. अखेर एप्रिल १८८६ मध्ये एक्सच्या चर्चमध्ये त्यांचा विवाह झाला, तेव्हा मुलगा चौदा वर्षांचा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वडील वारले आणि पैशाची चिंता कायमची मिटली.

झोलाची एक कादंबरी त्याच वर्षी आली. तिचा नायक अपयशी चित्रकार आहे. सेझान दुखावला आणि मैत्री तेथेच संपली, असे अनेक वर्षे सांगितले जाई. पुढे १८८७ मधले सेझानने झोलाला लिहिलेले पत्र उजेडात आले, तेव्हा तुटणे इतके एकदम झाले नसावे हे कळले. पण दोघे दुरावले हे खरे.

सरकारी प्रदर्शनात त्याचे चित्र एकदाच लागले, १८८२ मध्ये, तेही एका परीक्षक मित्राचा विद्यार्थी अशी नोंद करून. तेव्हा हा विद्यार्थी त्रेचाळीस वर्षांचा होता! मग तो एक्समध्येच रमला. सांत व्हिक्तुआर या एकाच डोंगराची त्याने तीसहून अधिक तैलचित्रे काढली. काम इतके सावकाश चाले की फुले सुकून जात, म्हणून तो कागदी फुले ठेवी. १८९० नंतर मधुमेहाने शरीर खचले. याच काळात तो चर्चकडे परतला आणि रविवारच्या मिस्साला नेमाने जाऊ लागला. चर्चच्या दारातले भिकारी त्याला चांगले ओळखत.

पॅरिसमध्ये तो जणू मेलाच होता. तांगी नावाच्या रंगविक्रेत्याच्या लहानशा दुकानात त्याची चित्रे पाहायला मिळत, तीही तरुण चित्रकार मुद्दाम जाऊन पाहत. आंब्रुआझ व्होलार हा तरुण चित्रविक्रेता त्यांतलाच. पिसारो त्याला सेझानचे प्रदर्शन भरव म्हणून सांगत होता. व्होलारने पॅरिसमध्ये सेझानच्या मुलाला शोधून काढले आणि त्याच्यामार्फत निरोप गेला. सुमारे दीडशे चित्रे आली, चौकटींशिवाय, गुंडाळ्या करून. नोव्हेंबर १८९५ मध्ये रू लाफित या रस्त्यावरील व्होलारच्या छोट्या दुकानात सेझानचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन उघडले.

येणाऱ्यांपैकी काही संतापले. पण रन्वार आला, देगा आला, मोने आला. चित्रे पाहून गप्प झाले आणि विकतही घेतली. एका जलरंगाच्या चित्रासाठी देगा आणि रन्वार यांनी चिठ्ठ्या टाकल्या. सर्वांत आनंद झाला तो पांढऱ्या दाढीच्या पिसारोला. त्याने आपल्या मुलाला पत्रातून सारे सविस्तर कळवले. सेझान मात्र या गर्दीत नव्हता.

त्या गृहस्थांची चित्रवही त्या दिवशी आमच्या टेबलावरच राहून गेली. ती जपून ठेवली आहे. शेवटच्या पानावर चर्चमागच्या चिंचेचे चित्र अर्धे काढलेले आहे. मुलाने स्वतः येऊन वही घेऊन जावी. चिंच येथेच आहे.