मुली बापावर, मुलगे आईवर

बारावीच्या बायोलॉजीत एक चौकट असते. वर एका पालकाची जनुकं लिहायची, डावीकडे दुसऱ्याची, मधले चौकोन भरायचे आणि खाली 9:3:3:1 लिहून मार्क घ्यायचे. पनेट स्क्वेअर! ती आपण इतक्या वेळा काढतो की पनेट हे कुणाचं आडनाव असेल, असं डोक्यातही येत नाही. तर पनेट नावाचा माणूस खरंच होऊन गेला. नव्वदी पार करून गेला, आणि आयुष्याची कितीतरी वर्षं त्याने कोंबड्यांचे तुरे आणि पिसं बघण्यात घालवली.

रेजिनाल्ड क्रंडल पनेट जन्मला 1875 साली, इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, टनब्रिजला. लहानपणी अपेंडिक्सच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला, तेव्हा प्राण्यापक्ष्यांची पुस्तकं वाचायचा नाद लागला. केंब्रिजला गेला तो डॉक्टर व्हायला, पण मधेच झूऑलॉजीकडे वळला. (हे घरी सांगायला काय लागतं ते ‘नीट’ दिलेल्यांना विचारा.) सुरुवातीची वर्षं समुद्रातल्या रिबनसारख्या किड्यांचा अभ्यास करण्यात गेली.

1900 साली मेंडेलचा विसरलेला निबंध पुन्हा उजेडात आला. केंब्रिजमध्ये विल्यम बेटसन त्यावर अक्षरशः भांडत होता, कारण मेंडेलचे नियम फार तर वाटाण्याला लागू पडतील, असं म्हणणारी बडी मंडळी समोर होती. ते प्राण्यांनाही लागू पडतात हे बेटसनने 1902 मध्ये कोंबड्यांवरून दाखवलं. त्यानंतर लवकरच पनेट त्याच्याबरोबर काम करू लागला. प्रयोगशाळा म्हणजे काय, तर ग्रँटचेस्टर गावातलं बेटसनचं राहतं घर आणि आवार! तिथे कोंबड्या होत्या, स्वीट पीची फुलझाडं होती. एडिथ साँडर्स आणि न्यूनहॅम कॉलेजमधल्या इतर स्त्रियाही या गटात राबत होत्या. त्यांची नावं आपल्या पाठ्यपुस्तकापर्यंत पोचली नाहीत, चौकट तेवढी पोचली.

आधी तुरे झाले, मग रंगाकडे मोर्चा वळला. अँडालुशियन जातीची निळसर-राखाडी कोंबडी त्या काळी हौशी लोकांची लाडकी होती, पण डोकेदुखीही होती. निळा कोंबडा आणि निळी कोंबडी यांची जोडी लावली तरी पिल्लांत काही काळी निघायची, काही ठिपक्यांची मळकट पांढरी. पाळणारे म्हणायचे की रक्तात भेसळ आहे. मग ती पिल्लं काढून टाकायची आणि पुन्हा फक्त निळ्यांची जोडी लावायची. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालू! बेटसन आणि पनेटने पिल्लं मोजली. एक भाग काळी, दोन भाग निळी, एक भाग पांढरी. म्हणजे निळा रंग काळ्याचं एक जनुक आणि पांढऱ्याचं एक जनुक मिळूनच तयार होतो. त्यामुळे ‘शुद्ध’ निळी कोंबडी कधीच तयार होणार नव्हती. उलट सगळी पिल्लं निळी हवी असतील, तर जी नकोशी म्हणून फेकली जात होती, त्याच काळ्या आणि पांढऱ्यांची जोडी लावायची. माझ्या मते पनेटच्या अख्ख्या गोष्टीतला हा सर्वांत भारी भाग आहे.

पांढरा रंगही फसवा निघाला. लेगहॉर्न कोंबडी पांढरी आणि सिल्कीही पांढरी. पण लेगहॉर्नचा पांढरा दुसऱ्या रंगाला दाबून टाकतो, सिल्कीचा पांढरा दुसऱ्या रंगासमोर स्वतःच दबतो. सिल्कीची आणखी एक गंमत म्हणजे पिसांखालची कातडी काळी, आपल्या कडकनाथसारखी. ती काळी कातडी पोराकडे जाते की पोरीकडे, हे जोडी कशी लावली त्यावर ठरतं, असं दोघांनी 1911 मध्ये मांडलं. पुढे पनेटला हाच धागा कामी आला.

दरम्यान, 1905 मध्ये त्याचं ‘मेंडेलिझम’ हे छोटं पुस्तक आलं आणि गाजलं. ती प्रसिद्ध चौकट याच काळातली. 1908 मध्ये एका व्याख्यानात कुणीतरी प्रश्न टाकला, त्याचं गणिती उत्तर त्याला देता येईना. मग तो क्रिकेटमधल्या मित्राकडे गेला. हा मित्र म्हणजे जी. एच. हार्डी, रामानुजनचा हार्डी. हार्डी-वाईनबर्गचा नियम आपल्या सिलॅबसमध्ये आला तो असा. 1910 मध्ये बेटसन आणि पनेटने ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ सुरू केलं. पुढे हाल्डेन ते भारतात घेऊन आला आणि आज ते बेंगळुरूहून निघतं. 1912 मध्ये पनेट केंब्रिजचा जेनेटिक्सचा पहिला प्राध्यापक झाला.

एक मोठा शोध मात्र हातातून निसटला. काही गुण जोडीनेच पुढच्या पिढीत जातात हे या दोघांनी स्वीट पीमध्ये आधी पाहिलं होतं, पण ही जनुकं एकाच क्रोमोसोमवर बसलेली असतात हे सांगितलं अमेरिकेत माश्या पाळणाऱ्या मॉर्गनच्या गटाने. बेटसनला तर हे कितीतरी वर्षं पटलंच नाही. पनेट सावकाश त्या बाजूला आला.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये धान्याची टंचाई झाली. कोंबडीची पिल्लं अंड्यातून निघाली की नर कोणता, मादी कोणती हे दिसत नाही, आणि अंडी न देणाऱ्या नरांनाही आठवडेच्या आठवडे दाणे घालावे लागतात. सरकारच्या अन्नोत्पादन विभागासाठी काम करताना पनेटने सुचवलं की रंगावरून ओळखा. माणसात पुरुष एक्स-वाय असतो, पक्ष्यांत उलटं. कोंबडा झेड-झेड, कोंबडी झेड-डब्ल्यू. पिसांवर आडवे पट्टे आणणारं जनुक झेडवर असतं. बिनपट्ट्याचा काळा कोंबडा आणि पट्टेदार कोंबडी यांची जोडी लावली, तर मुलीला तिचा एकुलता झेड बापाकडून मिळतो म्हणून ती बिनपट्ट्याची, आणि मुलगा आईसारखा पट्टेदार. पिल्लू निघतं त्याच दिवशी मुलग्याच्या डोक्यावर पांढरट ठिपका दिसतो. बस्स, टोपलीत वेगळं करा.

अडचण एवढीच की ही युक्ती एकाच पिढीत चालते. दर वेळी दोन वेगळ्या जाती पाळाव्या लागतात. म्हणून पनेट आणि मायकेल पीझ यांनी सोनेरी कँपाइन आणि पट्टेदार प्लिमथ रॉक यांच्यापासून नवी जातच तयार केली. पट्ट्यांचं जनुक नराकडे दोनदा, मादीकडे एकदा, म्हणून नर पिल्लाची लव फिकी आणि मादीची गडद, पिढी कोणतीही असो. 1929 च्या सुमारास आलेल्या या जातीचं नाव कॅम्बार, म्हणजे कँपाइनचा ‘कॅम’ आणि पट्ट्यांचा ‘बार’. मागून लेगबार आली. तिच्यातल्या क्रीम लेगबारची अंडी निळसर असतात, आणि ती आजही पाळली जाते.

वेगळ्या केलेल्या नरांचं काय व्हायचं, हे या यशाच्या वर्णनांत फारसं येत नाही. दाणे वाचवायचे म्हणजे ती पिल्लं वाढवायचीच नाहीत. अंड्यांसाठी कोंबड्या पुरवणाऱ्या हॅचरींमध्ये नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारायची पद्धत जगभर रुळली. पनेट 1940 मध्ये निवृत्त झाला आणि 1967 च्या जानेवारीत सॉमरसेटमध्ये वारला. जर्मनीने ही पद्धत कायद्याने बंद केली ती 2022 पासून. तिथे आता पिल्लू बाहेर यायच्या आधी, अंड्यातच नर-मादी तपासतात. त्यातली एक पद्धत कवचातून प्रकाश सोडून आतल्या पिल्लाच्या पिसांचा रंग बघते.